लोणारचा गाळ आणि न सापडलेलं जनुक

लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात येतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तिकडचे वाचक रागावतील. पण वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोडकडच्या लोकांना ते शेजारचंच. शाळेची सहल लोणार, पाहुणे आले की लोणार. सहलीत सर सांगायचे की या पाण्यात मासे जगत नाहीत, आणि आम्ही मान डोलवायचो. त्या पाण्याखालच्या काळ्या गाळात कोण जगतं आणि काय खाऊन जगतं, हा प्रश्न काही आमच्या डोक्यात यायचा नाही.

तो प्रश्न विचारणारा एक शोधनिबंध आज तुमच्यासमोर उघडायचा आहे. २०१० साली ‘आयएसएमई जर्नल’मध्ये तो छापून आला. पहिलं नाव अँटनी यांचं, आणि सहलेखकांत पुण्याच्या एनसीसीएसचे योगेश शौचे आणि तेव्हा इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात असलेले कॉलिन मरेल. निबंध जुना झाला हे खरं. तरी आजही तो वाचावा असं मला वाटतं, दोन कारणांसाठी. एक म्हणजे त्यात एक काम फार चांगलं केलंय, जे आजकालच्या बऱ्याच निबंधांत होत नाही. आणि दुसरं म्हणजे त्यातलं एक वाक्य मला पटत नाही. खरं तर वाक्य चुकीचं नाहीये. ते अपुरं आहे, आणि का अपुरं आहे हे समजलं की प्रथिनांच्या क्रमाची तुलना म्हणजे नक्की काय चीज आहे, ते लक्षात येतं.

आधी प्रश्न काय होता ते बघू. मिथेन, मेथनॉल, मेथिलअमाइन ही सगळी एकच कार्बन अणू असलेली, म्हणजे दोन कार्बनमधला बंधच नसलेली संयुगं. त्यांच्यावर पोट भरणारे जिवाणू असतात, त्यांना मेथिलोट्रॉफ म्हणतात. लोणारचं पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. अशा ठिकाणी ही संयुगं खाणारे कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचा एक सोपा रस्ता आहे. गाळ आणायचा, त्यातला डीएनए काढायचा, क्रम वाचायचे, संगणकाला द्यायचे आणि ‘हे कशासारखं दिसतं’ म्हणून विचारायचं. अँटनी आणि मंडळी या रस्त्याने गेली नाहीत. त्यांनी गाळाला आधी खाऊ घातलं. खाऊ साधा नव्हता, त्यातला कार्बन होता कार्बन-१३, म्हणजे नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा थोडासा जड. जो जिवाणू ते मिथेन किंवा मेथनॉल खरंच पचवेल आणि त्यावर वाढेल, त्याचा नवा डीएनएही जड होणार. मग सगळा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घालून प्रचंड वेगाने फिरवायचा. जड डीएनए खालच्या थरात जातो, हलका वर राहतो. खालचा थर काढून घ्यायचा, आणि मग त्याचे क्रम वाचायचे.

पद्धतीचं नाव स्टेबल आयसोटोप प्रोबिंग. नाव विसरलात तरी चालेल, पण कामाचा क्रम विसरू नका. आधी कोण खातंय ते बघितलं, नंतर त्याचा चेहरा ओळखला. मिथेनच्या बाटलीत मुख्यतः मेथिलोमायक्रोबियम निघाला, मेथनॉलच्या बाटलीत मेथिलोफॅगा, आणि मेथिलअमाइनच्या बाटलीत बॅसिलस. ‘बॅसिलस मेथिलअमाइन खातो’ हे इथे नुसत्या नावाच्या साधर्म्यावरून म्हटलेलं नाही. त्याच्या डीएनएच्या वजनावरून म्हटलंय. माझ्या मते या निबंधाची खरी ताकद इथे आहे.

(जाता जाता: निबंधात सरोवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं दिलंय, जे तेव्हा सगळीकडे दिलं जायचं. २०११ साली आर्गॉन पद्धतीने मोजलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. सहलीला जाणाऱ्या गुरुजींनी नोंद घ्यावी.)

आता त्या वाक्याकडे येते. मेथिलअमाइन तोडायचा सगळ्यात जास्त अभ्यासलेला एन्झाइम म्हणजे मेथिलअमाइन डिहायड्रोजिनेज. त्याचा लहान भाग ज्या जनुकातून बनतो त्याचं नाव एमएयू-ए. मेथिलअमाइनच्या बाटलीतल्या जड डीएनएवर या जनुकासाठी पीसीआर केला, आणि काही उमटलं नाही. त्यावरून लेखक म्हणतात की लोणारच्या गाळात मेथिलअमाइनचं पचन या एन्झाइमच्या वाटेने होत नसावं.

‘नसावं’ असं म्हटलंय हं, ‘नाही’ असं नाही. तेवढी काळजी त्यांनी घेतली आहे. पण हा ‘नसावं’ कशावर उभा आहे?

पीसीआरला प्रायमर लागतात, म्हणजे जनुकाच्या दोन टोकांना जाऊन चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे. ते बनवतात कसे? आधीपासून माहीत असलेले एमएयू-ए चे क्रम एकाखाली एक मांडायचे, जिथे सगळ्यांचं जुळतं ती जागा शोधायची, आणि तिथला तुकडा घ्यायचा. थोडक्यात, प्रायमर म्हणजे नळीत केलेली क्रमाची तुलनाच. संगणकावर केली की आपल्याला ती तुलना वाटते, नळीत केली की ‘प्रयोग’ वाटतो, एवढाच काय तो फरक. पट्टी उमटली नाही याचा अर्थ ‘आजवर माहीत असलेल्यांसारखं दिसणारं काही सापडलं नाही’. माहीत असलेले कोण होते? बहुतेक सगळे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू. हा एन्झाइम राहतो त्यांच्या दोन पटलांमधल्या जागेत, पेरिप्लाझममध्ये.

आणि बाटलीत वाढलं होतं कोण? बॅसिलस. तो ग्रॅम-पॉझिटिव्ह, बाहेरचं पटलच नाही. म्हणजे एमएयू-ए न उमटणं यात आश्चर्य फारसं नव्हतंच. बॅसिलस सापडला त्या क्षणी खरा प्रश्न बदलला होता. ‘एमएयू-ए आहे की नाही’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘मग कोणत्या दुसऱ्या वाटेने’ हा पुढे आला. ग्रॅम-पॉझिटिव्हांतली एक वाट तर बरीच आधीपासून माहीत होती. आर्थ्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूत तांबं असलेला अमाइन ऑक्सिडेज हेच काम करतो. निबंधाने वाचकाला या दुसऱ्या प्रश्नाच्या दारापर्यंत नेलं, पण दार वाजवलं नाही. माझी मुख्य तक्रार ही.

इथे थोडं थांबून क्रमाच्या तुलनेबद्दल बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुमच्या ओळखीत एखादे कुलकर्णी असतीलच. आडनावावरून एक गोष्ट बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते की त्यांच्या घराण्यात कधीतरी कोणीतरी गावाचं दप्तर सांभाळत होतं. पण आजचे कुलकर्णी दातांचे डॉक्टर असू शकतात. तसंच देशमुखांचं, देशपांड्यांचं. आणि उलट बाजूनेही बघा, आज गावाचं दप्तर जे तलाठी सांभाळतात त्यांचं आडनाव काहीही असू शकतं. प्रथिनांचा क्रम हा असा आडनावासारखा आहे. घराणं सांगतो. धंदा सांगेलच असं नाही.

ब्लास्ट हा या तुलनेचा सगळ्यात प्रसिद्ध प्रोग्राम, १९९० चा. तुमचा क्रम घेतो, साठ्यातल्या लाखो-कोटी क्रमांशी लावून बघतो, आणि जुळणीला गुण देतो. गुण सरसकट नसतात. नेहमीच्या ब्लोसम-६२ तक्त्यात ट्रिप्टोफॅनसमोर ट्रिप्टोफॅन आला तर ११ गुण, कारण तो दुर्मीळ आणि सहसा बदलत नाही. ल्युसीनसमोर ल्युसीनला ४. ल्युसीनच्या जागी आयसोल्युसीन आला तरी २ गुण मिळतात, कारण दोघे भाऊभाऊ. अॅस्पार्टेटच्या जागी अॅलनीन आला तर उणे २. सगळ्याची बेरीज करून शेवटी एक ई-व्हॅल्यू सांगतात. एवढ्या मोठ्या साठ्यात निव्वळ योगायोगाने इतकी चांगली जुळणी किती वेळा मिळाली असती, त्याचा हा अंदाज. ई-व्हॅल्यू अगदी शून्याजवळ आली म्हणजे ‘हा योगायोग नाही, दोघांचा पूर्वज एक आहे’ असं म्हणता येतं. बस्स. ‘दोघं एकच काम करतात’ असं ई-व्हॅल्यू कुठेही म्हणत नाही. ते आपण आपल्या मनाने जोडतो.

आता याच गाळातल्या दुसऱ्या संयुगाचं, मेथनॉलचं उदाहरण घ्या. मेथनॉल तोडणारे शोधायचे तर त्या काळात सगळे एमएक्सए-एफ या जनुकाच्या मागे असायचे. त्यातून बनणाऱ्या एन्झाइमला कॅल्शियम लागतं. या जनुकाचा एक चुलत भाऊ अनेक जिवाणूंच्या जीनोममध्ये वर्षानुवर्षं दिसत होता, झॉक्स-एफ नावाचा. दोन्ही प्रथिनांचा क्रम निम्म्याच्या आसपास जुळतो. पण प्रयोगशाळेत हा भाऊ काही काम करताना दिसेना, म्हणून बरीच वर्षं तो असाच बाजूला पडून होता.

२०११ आणि २०१२ मध्ये जपानी गटांकडून धागेदोरे मिळाले, आणि २०१४ साली नेदरलँड्समधल्या गटाने गोष्ट पूर्ण केली. इटलीत नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या उकळत्या चिखलातून आणलेला त्यांचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता, त्या चिखलाचं पाणी थोडं घातलं तरच वाढायचा. पाण्यात होतं काय? लँथेनम, सेरियम असले दुर्मीळ मृदा धातू. झॉक्स-एफला कॅल्शियम नको असतं, त्याला हे धातू लागतात. आपण ते कधी दिलेच नव्हते, तो काम कसा करणार? पुढे कळलं की झॉक्स-एफ मेथिलोट्रॉफांमध्ये एमएक्सए-एफपेक्षाही जास्त पसरलेला आहे.

आणि दोघांतला फरक क्रमात ओळखायचा कसा? क्रियाकेंद्रातल्या एका अॅस्पार्टेटपासून दोन घरं पुढे झॉक्स-एफमध्ये आणखी एक अॅस्पार्टेट असतो, जो त्या धातूला धरून ठेवतो. एमएक्सए-एफमध्ये त्या घरात सहसा अॅलनीन असतो. आता वरचे गुण आठवा. तिथे जुळलं असतं तर ६ मिळाले असते, न जुळल्याने उणे २ झाले. म्हणजे ८ गुणांचा फरक. सुमारे ६०० अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या जुळणीला एकूण गुण हजाराच्या वर पडतात. त्यात ८ कुठे दिसणार! ब्लास्टच्या यादीत दोन्ही भाऊ शेजारी-शेजारी बसतात आणि जो आधी बसला त्याचं नाव तुमच्या क्रमाला चिकटतं. जी एक जागा धातू ठरवते, तिला गुणपत्रिकेत काडीचंही वजन नाही. म्हणून माझ्यासारखीने ब्लास्टची यादी बघितल्यावर तिथेच थांबायचं नसतं. क्रम एकाखाली एक मांडून क्रियाकेंद्राची घरं डोळ्यांनी तपासायची असतात. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

बॅसिलसची कथा तर याच्याही पुढची. बॅसिलस मेथॅनोलिकस नावाचा जिवाणू मेथनॉल तोडतो, पण त्याचा एन्झाइम या घराण्यातलाच नाही. तो एनएडी वापरणारा, दुसऱ्याच कुळातल्या अल्कोहोल डिहायड्रोजिनेजांपैकी. क्रम जुळवायला गेलात तर जुळायला काही नाहीच, आणि काम मात्र तेच. हा आपला तलाठी, कुलकर्णी नसलेला.

परत मेथिलअमाइनकडे. ज्या २०१० साली हा निबंध आला, त्याच वर्षी दोन वेगळ्या जिवाणूंवर काम करणाऱ्या गटांनी मेथिलअमाइन पचवण्याच्या दुसऱ्या वाटेची जनुकं दाखवली. एक जिवाणू मेथिलोसेला सिल्व्हेस्ट्रिस, दुसरा मेथिलोव्हर्सॅटिलिस युनिव्हर्सॅलिस. मेथिलोसेलावरच्या कामात तर मरेलही होते. या वाटेवर मेथिलअमाइन थेट तोडलं जात नाही, आधी ग्लुटामेटला जोडलं जातं. जोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक जीएमए-एस. गंमत अशी की हे प्रथिन ग्लुटामिन सिंथेटेजच्या घराण्यातलं आहे. ग्लुटामिन सिंथेटेज ग्लुटामेटला अमोनिया जोडतो आणि हा मेथिलअमाइन. रसायन जवळपास एकच, फक्त पाहुणा वेगळा. त्यामुळे जीनोममध्ये हे जनुक ‘ग्लुटामिन सिंथेटेजसारखं काहीतरी’ अशा पाटीखाली सहज लपून बसतं. ग्लुटामिन सिंथेटेज तर जवळपास प्रत्येक जिवाणूत असतो, त्यामुळे त्या पाटीकडे कोण बघतंय!

म्हणजे बघा, एकाच गाळाला एमएयू-ए चा गळ टाकला तर काही लागत नाही, आणि जे शोधतोय ते वेगळ्या नावाने समोर असू शकतं. लोणारच्या बॅसिलसमध्ये जीएमए-एस आहे असं मी म्हणत नाहीये. अमाइन ऑक्सिडेज असेल, तिसरंच काही असेल. मुद्दा एवढाच की ‘एमएयू-ए उमटलं नाही’ या निकालाची किंमत शोधणाऱ्याच्या यादीएवढीच आहे. २०१५ मध्ये जीएमए-एस साठीचे प्रायमरही प्रसिद्ध झाले. तोच जड डीएनए कुठल्या फ्रीजरमध्ये शिल्लक असता तर त्याच्यावर ते लावून बघायला मजा आली असती. नवा गाळ आणता येईल म्हणा, पण सरोवर तेच राहत नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालेलं तुम्ही फोटोत पाहिलं असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा ते मिठात राहणाऱ्या हॅलोआर्कियांच्या रंगामुळे निघालं. क्षारता वरखाली झाली की रहिवासी बदलतात. २०१० च्या निबंधाचा गाळ हा एका विशिष्ट काळचा पंचनामा आहे. तो पुन्हा करता येणार नाही, म्हणून त्यातलं प्रत्येक ‘नाही’ काय अर्थाचं आहे ते नीट लिहिलेलं बरं.

निबंधावर टीका केली, पण त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. बरेच क्रम माहीत असलेल्या कुठल्याच मेथिलोट्रॉफशी जुळले नाहीत, तेव्हा लेखकांनी त्यांना जबरदस्तीने कुणाच्या घरात बसवलं नाही. हे नवे मेथिलोट्रॉफ असतील, किंवा दुसऱ्याचं उष्टं खाणारे असतील, असं सरळ लिहिलं. उष्टं खाणारे म्हणजे काय, तर जड कार्बन एकाने खाल्ला, त्याने टाकलेलं किंवा तो मेल्यावर उरलेलं दुसऱ्याने खाल्लं, तर दुसऱ्याचाही डीएनए जड होतो. पोटात पुरणपोळी सापडली म्हणून माणूस पंगतीला बसला होता असं नाही, घरी डबाही गेलेला असू शकतो. वजनाची साक्षही शंभर टक्के पक्की नसते, आणि हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

हे मी इतकं उगाळून का सांगते आहे? कारण आजची पद्धत उलटी झाली आहे. क्रम वाचणं स्वस्त झालं. गाळाचा, मातीचा, शेणाचा सगळा डीएनए एका झटक्यात वाचता येतो आणि प्रोग्राम रात्रभरात तक्ता काढून देतो, की या नमुन्यात नत्र स्थिरीकरण आहे, मिथेनचं ऑक्सिडीकरण आहे. तक्त्यात रंगीत चौकोन असतात, आणि रंगीत चौकोनाला कोणी ‘नसावं’ लिहीत नाही. मिथेनचंच घ्या. मिथेन तोडणाऱ्या एन्झाइमचं पीएमओ-ए आणि अमोनिया तोडणाऱ्याचं एएमओ-ए ही जनुकं इतकी जवळची की १९९५ पासून वापरात असलेली प्रायमरची एक जोडी दोघांनाही पकडते. थोडा ढिला निकष लावला की अमोनियावाला मिथेनच्या चौकोनात जाऊन बसतो.

आणि पाटी एकदा चुकली की चुकतच जाते. कारण पुढचा माणूस आपला क्रम त्या चुकीच्या पाटीशी जुळवतो आणि तीच पाटी आपल्या क्रमाला लावतो. २००९ मध्ये शनोस आणि सहकाऱ्यांनी ३७ एन्झाइम कुटुंबं घेऊन सार्वजनिक साठ्यांतल्या पाट्या तपासल्या. माणसांनी हाताने तपासलेल्या स्विस-प्रॉटमध्ये चुका जवळपास नव्हत्याच. बाकीच्या मोठ्या साठ्यांत सरासरी चूक एन्झाइमांच्या घराण्यानुसार ५ ते ६३ टक्के निघाली. एवढी तफावत का? काही घराण्यांत सगळे भाऊ एकच धंदा करतात, काहींत प्रत्येकाचा वेगळा. ‘इतके टक्के जुळलं की काम तेच’ असा एकच सरसकट निकष म्हणूनच चालत नाही, आणि तरी ‘४० टक्के जुळलं, झालं’ हे मी अजून सेमिनारमध्ये ऐकते.

ज्या पाट्या लावताच येत नाहीत त्यांचीही संख्या कमी नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत जगायला लागतील तेवढीच जनुकं ठेवून एक जिवाणू तयार केला, एकूण ४७३ जनुकं. त्यातल्या १४९ चं नेमकं काम सांगता येत नव्हतं, आणि जवळपास सगळी काढली तर जिवाणूचं भागत नव्हतं. ही झाली सगळ्यात साध्या जिवाणूची अवस्था. लोणारहून मिळालेल्या सेसेम्बिया लोनारेन्सिससारख्या जिवाणूचा (नावातलं सेसेम्बिया हे हैदराबादच्या सीसीएमबीवरून, आणि लोनारेन्सिस कशावरून ते सांगायला नको) जीनोम उघडला तर ‘हायपोथेटिकल प्रोटीन’च्या रांगा दिसल्या, यात नवल नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पेपरात ‘लोणारमध्ये अमुक एन्झाइम आढळले’ अशी बातमी दिसली, किंवा तुमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात तसा तक्ता आला, तर ‘आढळले’ या शब्दापाशी थांबा. एन्झाइमने काम करताना कोणी पाहिलं, की फक्त त्याचं आडनाव वाचलं? आडनावच वाचलं असेल तर क्रियाकेंद्राची घरं तपासली का? सोबत लागणारी बाकीची जनुकं तिथे आहेत का? हे शेवटचं फार महत्त्वाचं. ई. कोलायकडे ग्लुकोज डिहायड्रोजिनेजचं जनुक धडधाकट आहे, प्रथिनही बनतं. पण त्याला लागणारा पीक्यूक्यू हा सहघटक ई. कोलायला स्वतः बनवता येत नाही. बाहेरून पीक्यूक्यू घातला तर एन्झाइम चालू, नाही घातला तर नुसता बसून. आपल्याकडे सोयाबीनच्या बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावतात, त्यांतल्या अनेकांची भिस्त याच एन्झाइमवर असते. त्यातून ग्लुकोनिक आम्ल तयार होतं आणि मातीतलं अडकलेलं स्फुरद सुटतं. उद्या कोणी फक्त ते एक जनुक दाखवून ‘आमचा जिवाणू स्फुरद विरघळवतो’ म्हणून पाकीट विकायला आला, तर त्याला पीक्यूक्यूची जनुकं विचारा. नाहीतर सरळ सांगा की बाबा, अविद्राव्य फॉस्फेट घातलेल्या आगरच्या प्लेटवर वाढवून दाखव, भोवती पारदर्शक वलय पडतंय का ते बघू. आणि वलय पडलं, तरी शेताचं अजून बाकीच आहे.